मावशीचे थांबे

अंधेरीतली आमची गल्ली दोन मिनिटांची. मासळीवाल्या मावशीला ती पार करायला अर्धा तास लागे. शिंप्याच्या दारात थांबायची, मग गिरणीपाशी, मग बदामाच्या झाडाखाली. पाटी उतरवायची आणि विचारायची, "काय गो बाय, लेकीचं जमलं काय?" सकाळच्या तिरप्या उन्हात तिचा हिरवा चुडा चमके, आणि अर्धवट झोपेतली गल्ली तिला आपली सुखदुःखं सांगत बसे. आम्ही तिला थांबेवाली मावशी म्हणायचो.

मला सगळं टिपून ठेवायची सवय. मावशीची वेळही वहीत असे, कारण माझा स्वयंपाक तिच्यावर. नऊचे सव्वानऊ झाले, मग साडेनऊ. तीन थांब्यांचे सहा झाले. एकदा बघायला खाली उतरले, तर ती गप्पा मारत नव्हती. भिंतीला धरून एकटीच उभी होती, दुसऱ्या हाताने पोटरी आवळून.

"चाललं का धरते, थांबलं का सोडते," ती म्हणाली. "कुनाला सांगू नको. माझ्या आयशीचं असंच होतं. शेवटाला पाय कापला."

म्हणजे कळ ओसरेपर्यंत ती आम्हाला बोलतं ठेवत होती.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. पायाची रक्तवाहिनी कडक होऊन अरुंद झाली होती. "तुमच्या आईच्या वेळी ही औषधं नव्हती," डॉक्टर म्हणाले. एक गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, एक चालण्याचं अंतर वाढावं म्हणून, एक कोलेस्टेरॉलची. ती पुरेना, तेव्हा दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. शिवाय रोज चालणं, आणि मिशरी बंद. मी तारखा लिहायला लागले तशी ती हसली, "एक होळीला, एक गनपतीला. वही कशाला लागते गो?" मिशरी सोडताना मात्र रडली.

हळूहळू थांबे गळाले. वर्षभरात ती गल्ली एका दमात पार करू लागली. बदामाखाली तिची सावली तेवढी रेंगाळल्यासारखी वाटे.

"मावशी शिष्ट झाली," शिंपी म्हणाला.

"मेल्या, पाय दुखायचा म्हनून तुझं रडगानं ऐकलं!" म्हणेपर्यंत ती पुढे गेलीसुद्धा.

मग एका सकाळी ती पाटीशिवाय आली आणि माझ्या उंबऱ्यावर टेकली.

"ट्रॉम्ब्याला चालले, लेकीकडं. कायमची. धक्क्यावर ती एकटी पुरत नाय."

ती सांगत होती आणि मी वाकून तिची पोटरी न्याहाळत होते.

"पायाकडं काय बघतेस?" मावशी म्हणाली. "तोंडाकडं बघ. आज नुसती बोलायला बसलेय."