विंगेतलं स्टूल

मुकुटबन आणि पंचक्रोशीतल्या समस्त नाट्यरसिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की गेली पंचवीस वर्षे ज्याला आपण नट समजून टाळ्या दिल्यात तो मी, नट नव्हतोच. मी भोंगा होतो. बोलणारा माणूस विंगेत स्टुलावर बसलेला असे, मांडीवर वही घेऊन. त्याला जाऊन दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, एका गालावर फेस. गळ्यातल्या फडक्यासकट उठलो आणि भर बाजारातून त्यांच्या घरी चालत गेलो. रस्त्यात कोणीही हसलं नाही. तेव्हा पटलं, की बातमी खरी आहे…

मकबूलभाई मोटर वाइंडिंग करायचे. विहिरीवरची जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि तांब्याची नवी तार वेढे मोजत भरायची. मोजणी चुकली की मोटर पुन्हा जळणार, म्हणून दुकानात गिऱ्हाइकाला बोलायची बंदी. ते मात्र ओठातल्या ओठात मोजत असायचे. तीच कुजबुज दिवाळीनंतरच्या गावच्या नाटकात कामी यायची. आम्ही अडलो की विंगेतून वाक्य यायचं, पहिल्या रांगेलाही न कळता नेमकं आमच्या कानात.

दरवर्षी तालमीचा नारळ फुटायच्या आधी ते विचारायचे, "गुरुजी, यंदा एखादं काम?" मी दोन्ही हात पसरायचो, "मकबूलभाई, तुम्ही उजेडात आले तं आमाले अंधारातून कोण सांगन?" सगळे हसायचे. तेही हसायचे. खरं कारण वेगळं होतं. एकदा बापाचं काम करणारा तालमीला आला नाही, म्हणून त्यांनी त्याचं वाक्य वहीतून नुसतं वाचलं : ‘दार लावू नको, पोरा. मी अजून बाहेरच आहे.’ माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ विचार : हा माणूस पुढे आला तर आपलं काय? त्यानंतरही कित्येक वर्षं मी तोच विनोद करत राहिलो.

गेल्या वर्षी नागपूरला त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर काही दिवसांतच ते शाळेत, माझ्या वर्गाच्या दारात उभे. "इचारून नाही राह्यलो, गुरुजी. सांगून राह्यलो. यंदा तेच नाटक घ्या. बाप मी करतो."

"आन विंगेत?"

"स्टूल राहीन. तुम्ही पाठ करा."

त्यांच्या पत्नी शमीमभाभी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आपरेशन दिल का हुआ और बिगड़ा दिमाग!" पण बापाचा कोट त्यांनीच शिवला.

नाटकाच्या दिवशी तो कोट घालून मकबूलभाई उजेडात आले, समोरची गर्दी पाहिली आणि… कुजबुजले. सवयीनं. इतकंच नव्हे, तर माझं वाक्यही माझ्या आधी मला पुरवलं! लोक ओरडले, "आवाज!" शिट्ट्या झाल्या. मी थांबू शकलो असतो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना एक श्वास घेऊ देऊ शकलो असतो. मी त्यांचं ते दाराचं वाक्य स्वतःच ठोकून दिलं, माझ्या भरदार आवाजात. टाळ्या पडल्या. पडद्यामागे ते म्हणाले, "बरं केलं, गुरुजी. निभलं." शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मला वाटलं, आता ते स्टुलावर परत जातील. पण थोड्याच दिवसांत शेतकऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. दुरुस्त मोटर विहिरीवर बसवून झाली तरी मकबूल मेकॅनिक जात नाही, ती चालू करतो आणि तिच्यासमोर उभा राहून काहीबाही बोलतो! मी विचारलं, तर म्हणाले, "मोटरीच्या वर आवाज गेला, का गावाच्याही वर जाईन. पुढच्या दिवाळीले पाहा." डॉक्टरनं जोर करू नका म्हणून बजावलं होतं. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुकानातच गेले ते. समोर अर्धी भरलेली मोटर होती. किती वेढे झाले होते ते कोणाला माहीत नाही. आणि मला दुसरंच एक माहीत नव्हतं… तो आवाज शेवटी निघाला की नाही?

परवा तालमीचा नारळ फुटला. शमीमभाभींनी हातानं पुसून दिलेलं स्टूल मी विंगेत ठेवलं. त्यावर कोणी बसायचं नाही असं बजावून भाषणाला उभा राहिलो, तर शब्दच सुचेना. सवयीनं स्टुलाकडे पाहिलं. मकबूलभाईंनी शेवटची मोटर ज्याच्या विहिरीवर बसवली तो मारोती दारात उकिडवा बसला होता. म्हणाला, "माह्या विहिरीवर म्हटलं होतं त्यायनं, ते दाराचं. मी नाल्याच्या पल्याड होतो."

"ऐकू आलं?" मी विचारलं. माझा आवाज कुजबुजीइतकाच निघाला.

मारोती ताडकन उठला. "मोटर चालू होती, तरी अक्षर न् अक्षर! तुमचं तं, गुरुजी, माईक असून समजत नाही!"