लीलाधर सरांचा पहिला धडा

लीलाधर सर रोज गाडीने अमळनेरहून जळगावला यायचे, आणि ऑफिसात आल्यावर कुणाला तरी मूर्ख ठरवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. केळीचे घड कापणाऱ्या टोळ्या कुठल्या बागेत जातील आणि ट्रक कधी लागतील, याचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर त्यांची कंपनी बनवायची. त्याचा जुना भाग सरांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला. तेवढ्या पुण्याईवर माणूस अजून मिरवत होता.

नव्या मुलांना एआय हाताशी घेऊन काम कसं करायचं, ते शिकवायची जबाबदारी मालक प्रेमराजभाऊंनी सरांवर टाकली होती. रीत साधी. कोड एआय लिहिणार, नवं माणूस तो ओळ न् ओळ वाचणार, मग सर वाचून मंजुरी देणार. पहिल्या दिवशी सर दीड तास नाकाने कांदे सोलत. "मशीनवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याला मी गाढव म्हणतो," हे वाक्य दर तुकडीला ठरलेलं. स्वतः मात्र मोबाइल कानाला लावून, पडद्याकडे न बघताच मंजुरीचं बटण दाबत. असल्या माणसाची कीव करावी, तर तीही येत नाही.

यंदा चाळीसगावची सुलक्षणा आली. तीन महिने बघायचं, जमलं तर कायम, नाहीतर घरी. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, केळीच्या बागेत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. "हिच्याच्याने व्हायचं नाही," असं सरांनी आठवड्याच्या आतच सगळ्यांना सांगून टाकलं.

जुना भाग सुधारताना तिला 'एक्स-नऊ' नावाचा एक नियम सापडला. महिन्यातला एक दिवस तो कुठल्याच टोळीला काम देत नसे. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरांनी मुद्दामच लिहिलं नव्हतं. सगळं लिहून ठेवलं तर आपल्याला विचारायला कोण येणार? एआयचं म्हणणं पडलं, नियम निरुपयोगी दिसतो, काढून टाकावा. सुलक्षणाला ते पटेना. बदल मंजुरीला पाठवताना तिने खाली लिहिलं, "सर, हा दिवस कशासाठी सोडलाय? काढण्याआधी कळलं तर बरं होईल."

सरांनी नाक मुरडलं. "मशीनला विचार," एवढं लिहिलं आणि मंजुरी देऊन टाकली.

बारा दिवसांनी सकाळी सावद्याकडच्या बागांत चौदा ट्रक येऊन उभे राहिले आणि घड कापायला एकही माणूस नाही. प्रेमराजभाऊंनी सगळ्यांसमोर मुकादम निंबाला फोन लावला.

"आज आमोस शे ना भाऊ!" निंबाचा आवाज ऑफिसभर घुमला. "बठ्ठा घरच शेतस. आमोसले कोन कोयता धरी?"

अमावस्येला या टोळ्या कोयत्याला हात लावत नाहीत, आणि 'एक्स-नऊ' त्याचसाठी होता. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी उठून पहिले तेच बोलले, "भाऊ, मी सांगतच होतो. एआय सांगेल ते ही पोरगी करते. आजच घरी पाठवा हिला."

सुलक्षणाने मंजुरीचं पान मोठ्या पडद्यावर उघडलं. भाऊंनी तिचा प्रश्न वाचला, मग खालचं उत्तर.

"लीलाधर, तुला माहीत होतं ना?"

एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या सरांनी खिशातला मोबाइल काढून उगाच कानाला लावला.

सुलक्षणा त्याच दिवशी कायम झाली. असले सगळे नियम कारणांसकट लिहून काढायचं कामही तिच्याकडे आलं. शिकवणं मात्र भाऊंनी सरांकडेच ठेवलं, फक्त पहिला धडा बदलून दिला. आता दर तुकडीपुढे सरांना तेच पान लावून प्रश्न आणि उत्तर मोठ्याने वाचावं लागतं. उत्तर देणाऱ्याचं नाव तेवढं भाऊंनी मेहेरबानी म्हणून झाकलंय.

परवा धुळ्याहून आलेल्या रत्नाने वहीत सगळं नीट उतरवून घेतलं आणि भाबडेपणाने विचारलं, "सर, तुम्ही गाढव म्हणता, ते ह्यालाच ना?"

भाऊ दारातच उभे होते. सरांना हो म्हणावं लागलं.