नंदकिशोररावांचे हरभरे

नंदकिशोररावांचं नाव निघालं की मला अजून किळस येते. त्या किड्यांची आली होती, त्याहून जास्त.

माणूस सज्जन म्हणून प्रसिद्ध. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त होऊन इथे बेंगळुरूत जे. पी. नगरात राहिले, पण मन अकोल्याच्या उन्हात अडकलेलं. दर मे महिन्यात यशवंतपूरच्या बाजारातून वर्षाची बेगमी आणायची आणि गच्चीवर वाळत घालायची. इथलं ऊन ते कसलं, दुपारी ढग आले की संपलं. कडधान्याला दरवर्षी कीड लागायची आणि हे दरवर्षी बेंगळुरूला नावं ठेवायचे.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या दत्तजयंतीला, महाप्रसादाच्या उसळीसाठी, त्यांनी हरभऱ्याचं अख्खं पोतं दिलं. फळ्यावर नाव झळकलं. आदल्या दिवशी आम्ही बायका निवडायला बसलो, पोत्याचं तोंड सोडलं आणि भुंगे माझ्या कोपरापर्यंत चढले. दाण्यादाण्याला भोक, वर पांढरी अंडी चिकटलेली, तळाशी नुसतं पीठ आणि कुबट वास. कावेरीअक्का तर तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. देवाच्या नावानं हे द्यायचं?

मी तसं फाडकन बोलले. त्यांच्या बायकोचा, प्रतिमाताईंचा, चेहरा एवढासा झाला.

"ह्यांना हल्ली नीट दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर दिलं नसतं."

मग ठरलं, म्हाताऱ्या माणसाला लाजवायचं नाही. पोतं टाकून दिलं, दुकानातून नवे हरभरे आणून भिजत घातले आणि बाहेर कुणाला, खुद्द नंदकिशोररावांनाही, काही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पंगतीत नंदकिशोरराव मधोमध बसले होते. शेजारच्यांना आग्रह चालला होता, उसळ पोटभर घ्या म्हणून. वाढायला प्रतिमाताईच होत्या. नवऱ्याच्या पानापाशी येऊन त्यांनी उसळीचा डाव उचलला.

नंदकिशोररावांनी पानावर आडवा हात धरला. पोट ठीक नाही म्हणाले आणि दोन पुऱ्या जास्त मागितल्या.

त्यांना सगळं दिसत होतं तर. माझ्या अंगावर शिसारी आली.

प्रतिमाताईंनी डाव परत भांड्यात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "हे तुमचे हरभरे नाहीत."

नंदकिशोररावांनी हात बाजूला घेतला. पण तोवर ताई पुढच्या पानाकडे गेल्या होत्या.