मराठीत लिहून द्या

गंगापूर रोडवरच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात माझा नंबर एका तरुण बाईच्या मागे होता. ती सायखेड्याहून आली होती, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. एका हाताने ती मुलीला थोपटायची आणि मग त्याच लयीत सोरायसिसच्या खपल्यांनी भरलेलं स्वतःचं कोपर. खाजवायची मात्र नाही.

“ही पोटात होती तवा अंग लय साफ झालं होतं,” ती मला म्हणाली. “ही जन्मली अन् परत उठलं. सासूबाई म्हणतात, पोरीचा पायगुण.”

थोड्या वेळाने ती आत गेली आणि आतून डॉक्टरांचा आवाज आला, “बाळंतपणानंतर हार्मोन्स बदलतात, त्यामुळे उसळतं हे.”

“मंग तेवढं मराठीत लिहून द्या,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने मलमाची चिठ्ठी पिशवीत टाकली. दुसरा कागद नीट घडी करून मुलीच्या दुपट्यात खोचला.