अप्पांनी पारखलेली पाने

अप्पांना हळू बोलता येत नसे. एखादी गोष्ट गुपित म्हणून सांगायची असली, की ते आधी दोन्ही बाजूंना पाहून घेत, तोंडाशी हात नेत, आणि मग ज्या आवाजात ती सांगत, तो आमच्या गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सहज पोहोचत असे. उभी हयात त्यांनी गुळाच्या सौद्यांत काढली होती. तिथे हमालांच्या आरोळ्यांवरून आपला भाव ऐकू जावा लागतो. घरी आल्यावर तो आवाज खुंटीला अडकवून ठेवायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. मी संस्कृतची प्राध्यापिका, आणि माझे व्याख्यान तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही अशी कॉलेजात माझी ख्याती. अप्पांच्या शाहूपुरीतल्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले, "काय वो बाई, तुमचा आवाज तोंडातनं भायेरच येत न्हाई. आत काय दळाण टाकलंय व्हय?"

या माणसाला ताब्यात ठेवणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची पत्नी, अक्का. माहेर गडहिंग्लजकडचे. मराठीत बोलता बोलता राग आला, की कानडीत जात आणि राग ओसरला, की परत येत. रोज सकाळी स्नान करून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या पूजेला बसत. तेवढा वेळ घर शांत असे. पूजा आटोपून, कपाळीची विभूती ओली असतानाच त्या पहिले वाक्य उच्चारत आणि ते नवऱ्याला उद्देशून असे. "देवाला दिला तेवढा येळ बास झाला. आता तुमच्याकडं बघते. काल त्या पावण्यांसमोर धोतराला नाक कशापायी पुसलंसा?" अप्पा पडेल चेहऱ्याने ऐकत आणि अखेरीस अक्का "साकू, साकू" म्हणजे "पुरे आता" म्हणाल्या, की चहाचा कप तोंडाला लावत. मला वाटते, तो चहा त्यांना त्याशिवाय गोड लागत नसावा.

अप्पांची दुसरी खोड पारखण्याची. कुणी घरी गुळाची भेली आणली, तर आभार मानण्याआधी ते खडा फोडत, उजेडात धरत, हुंगत, जिभेवर ठेवत, आणि मग उलटतपासणी सुरू होई. कुठल्या गुऱ्हाळातला? कधीचा? रस कढवणारा गुळव्या कोण होता? पिवळाधमक गूळ दिसला, की त्यांची भिवई वर जाई. "एवढा पिवळा गूळ ऊस देत न्हाई बाई, पावडर देती." आणणारा ओशाळे. आतून अक्का ओरडत, "आवो, खावा की गप! सोयरीक जुळवायला बसलाय व्हय गुळाशी?"

दोन हजार साल उलटून गेल्यावर अक्कांना कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, तरी तो कमरेच्या हाडांत उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की आता रोग बरा करण्याचे उपाय उरलेले नाहीत. दुखणे मात्र आटोक्यात ठेवता येईल. पण दुखणे आटोक्यात नव्हते. अक्कांना मांडी घालून बसता येईना. पूजा पडल्या पडल्या होऊ लागली. एका संध्याकाळी अप्पा माझ्या दाराशी आले, आणि प्रथमच त्यांना शब्द शोधावे लागत आहेत असे मला दिसले.

"बाई, तिनं मला शिव्या घालायचं सोडलंय."

मी काहीतरी धीराचे बोलू पाहिले.

"तसं न्हवं. दुखायला लागलं की ती भिंतीकडं तोंड करून पडती. मी काल मुद्दाम चपला घालून सैपाकघरात गेलतो. बघितलं तिनं. कायसुदिक बोलली न्हाई."

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. पण बाजारात कुणीतरी सांगितले, की ही अफू आहे. एकदा सुरू केली की माणूस तिचा गुलाम होतो, आणि डॉक्टर ती अगदी शेवटी देतात. दुसऱ्या कुणाच्या मुलाने म्हणे इंटरनेटवर एक वनस्पती शोधली होती, जिने सात दिवसांत दुखणे मुळापासून जाते. अप्पांना खरे काय ते हवे होते. "तुम्हाला इंग्रजी येतंय, ते काम्पुटरचं पण शिकलाय म्हणं. चला."

शिकले होते खरी, पण कशी, ते मलाच ठाऊक. प्राध्यापकांसाठीच्या वर्गात वयाने मी सर्वांत मोठी होते. माऊस हातात धरला, की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन लपे, आणि मला त्याच्याविषयी आपुलकी वाटे. तरी मी नाही म्हणू शकले नाही.

राजारामपुरीतल्या त्या सायबर कॅफेत प्रत्येक संगणकाला फळ्यांचा खोका आणि त्याला पडदा होता. पडद्यांआडून दबके हसू ऐकू येत होते. शेजारच्या खोक्याबाहेर ठेवलेल्या दप्तराच्या पट्ट्यावर माझ्या वर्गातल्या मुलीचे नाव होते. आम्ही आत बसताच मालकाने सवयीने आमचाही पडदा ओढला. अप्पांनी तो खाडकन उघडला.

"पडदा कशाला? आमचं काय चोरीचं हाय का? उजेड येऊ दे की!"

मग मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि अप्पांनी प्रश्न विचारायचे, असे सुरू झाले. प्रश्न साऱ्या कॅफेला ऐकू जात. "संडासाला हुतंय का त्या गोळीनं?" या त्यांच्या पहिल्याच प्रश्नावर शेजारचे हसू थांबले. थोड्या वेळाने तो पडदा किंचित सरकला आणि "नमस्कार, मॅडम" असे अतिशय क्षीण आवाजात म्हणून माझी विद्यार्थिनी एका तरुणासह निघून गेली. तिच्याकडे पाहायचे धैर्य मला नव्हते आणि माझ्याकडे पाहायचे तिला.

पहिले पान त्या वनस्पतीचे निघाले. फुले, उगवता सूर्य, हसरी आजी. इंग्रजी इतके सुरेख, की मी भारावून वाचत गेले. अप्पा मात्र संगणकाच्या पडद्याला नाक लावून पाहत होते. "बाई, ते खाली चौकोनात काय लिवलंय?" तिथे बाटली मागवण्याची सोय होती. "म्हंजे इकायला बसलाय. आनि दोष काय सांगतोय त्याच्या मालाचा?" मी शोधले. दोष एकही नव्हता. शंभर टक्के गुण होता. "लई पिवळा हाय ह्यो," अप्पा म्हणाले. "फुडं चला."

पुढच्या पानावर मात्र अप्पाच फसले. कुण्या बाईच्या नवऱ्याने पत्र लिहिले होते, की माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून पडून असे. हे तेल लावले, आणि ती उठून बसली. ते ऐकताना अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी मागवायचे कसे, ते विचारायला मालकाला हाकही मारली. तेवढ्यात मला आठवले, की हेच पत्र, याच शब्दांत, मी मघाशी दुसऱ्या एका पानावर पाहिले होते. तिथे बाईचे नाव निराळे होते आणि औषधही निराळे. मी दोन्ही पाने त्यांना दाखवली. हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याची माझी विद्या आयुष्यात प्रथमच कुणाच्या उपयोगी पडत होती. "दुखणाऱ्या माणसाला फसवत्यात, बाई," ते म्हणाले. "हे सौद्यात केलं असतं, तर कापडं फाडली असती."

तीन-चार संध्याकाळी गेल्यावर एक पान सापडले. चित्र नाही, रंग नाही. परदेशातल्या एका रुग्णालयाचे होते. लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावे वर, आणि शेवटचे कधी तपासले तो महिना खाली. विकायला काही नव्हते. सुरुवातीलाच लिहिले होते, की या गोळ्यांनी पहिले काही दिवस झोप येईल, मळमळेल, आणि बद्धकोष्ठ हमखास होईल. त्यासाठी सोबत रेचक द्यावे.

"दोष आधी सांगतोय!" अप्पा खुर्चीतून उठलेच. "ह्यो मानूस बाजारात टिकंल. वाचा, वाचा."

मी वाचत गेले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतली, तर माणूस क्वचितच तिच्या आहारी जातो. ती केवळ शेवटच्या घटकेची गोळी नाही. आणि पुढे असे होते, की दुखणे वाढण्याची वाट पाहू नये; गोळी घड्याळ पाहून, नेमून दिलेल्या वेळी द्यावी.

अप्पा एकदम खाली बसले.

"बाई, मी तशी देत न्हाई."

मग उलगडले. घरी गोळ्या होत्या. डॉक्टरांनी दर चार तासांनी द्या, असेच सांगितले होते. पण अप्पा व्यापारी. चांगला माल आधीच काढला, तर पुढे मंदीत काय करायचे, ही त्यांची आयुष्यभराची रीत. आता गोळी वापरून टाकली आणि पुढे दुखणे वाढले, तर तिला काय द्यायचे? म्हणून ते अक्का कळवळेपर्यंत थांबत आणि मग अर्धी देत. त्या मात्र भिंतीकडे तोंड करून पुढच्या अर्ध्या गोळीची वाट पाहत.

"त्याचंही लिहिलंय," मी म्हणाले. "पुढे दुखणे वाढले, तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात. साठवून ठेवल्याने औषधाचा जोर वाढत नाही."

ती पाने छापून घेऊन अप्पा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले, मलाही नेले. इतके पारखूनही त्यांनी एकट्या पानावर भरवसा टाकला नाही. "परदेशी गूळ हाय, हितल्या चहात विरघळतोय का बघून सांगा," असे त्यांनी डॉक्टरांना बजावले. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सारे वाचले, एक औषध आपल्याकडे मिळत नाही म्हणून त्यावर काट मारली, रेचकाचे नाव लिहून दिले, आणि बाकी सर्व बरोबर असल्याचे सांगून विचारले, "अप्पा, हेच मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंसा की. पण तुम्ही एकट्याच सांगत हुतासा. एकाच बोलीवर भाव ठरत न्हाई."

त्या दिवसापासून अप्पा घड्याळाचे चाकर झाले. पहिले दोन दिवस अक्का झोपूनच होत्या. आम्ही घाबरलो, पण पानावर ते लिहिलेले होते. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी जिना उतरत होते. देवघरात अक्का भिंतीला तक्क्या लावून, मांडी घालून बसल्या होत्या. तळहातावर इष्टलिंग. अप्पा दाराशी उभे होते, हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या. मी जिथल्या तिथे थांबले. पूजा संपली. अक्कांनी डोळे उघडले, नवऱ्याला पायापासून वर न्याहाळले आणि म्हणाल्या, "अय्यय्यो! देवासमोर चपला घालून उभारलाय व्हय? मी पडून हाय म्हंजे घराचा बाजार केलासा काय?"

अप्पांनी चपला काढल्या. काढताना ते हसत होते आणि तोंड लपवायला वाकून वाकून बंद शोधत होते. त्या चपलांना बंद नव्हते.

त्यानंतर अक्का जवळजवळ वर्षभर होत्या. मात्रा दोनदा वाढली. दुखणे अधूनमधून डोके वर काढी, तेव्हा डॉक्टरांना फोन जाई. पण त्या बसल्या, होळगी म्हणजे पुरणपोळी लाटली, भेटीला आलेल्या सुनांना सल्ले दिले, आणि अप्पांच्या चाळीस वर्षांच्या चुकांचा राहून गेलेला समाचार सावकाश, सविस्तर घेतला. अखेरीस एका दुपारी त्या लिंगैक्य झाल्या. त्या सकाळीही अप्पांना चहा सांडल्याबद्दल बोलणी बसली होती.

समाचाराला आलेली माणसे रीतीप्रमाणे म्हणत होती, "सुटल्या बिचाऱ्या." अप्पांनी दोघा-तिघांचे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सुटली म्हणू नका. अडकून पडली असती, तर सुटली म्हटलं असतं. रोग हुता तिला, दुखणं न्हवतं. सकाळपत्तुर मला झाडत हुती."

माणसे हळूहळू उठून गेली. एक मध्यमवयीन पाहुणा, राधानगरीकडचा, तेवढा पायरीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "अप्पा, त्या गोळ्यांचं काय ते... आमची आई रातच्याला लई कन्हतीया. ते खरं का खोटं, कुणाला विचारायचं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. एरवी मी अशा वेळी मान खाली घालून जिना चढले असते.

"आईंचे दवाखान्याचे कागद आणलेत का?" मी विचारले, आणि चपला पायात सरकवल्या.