सासूबाईंची जागा

नंदाखालला आमच्या घरी सासूबाई अतृप्त आत्म्यांना शांत करायच्या. त्या गेल्यावर मी वालीवच्या एका कारखान्यात नोकरी धरली. पहिल्याच दिवशी मी निघताना एक बाई ओट्यावर येऊन बसली. विहिरीत बुडालेला तिचा नवरा रोज स्वप्नात येत होता.

“मला यातलं काही येत नाही,” मी म्हणाले.

“तुम्ही सासूबाईंच्या शेजारी बसायचात ना?”

मग मी सासूबाईंसारखाच दिवा लावला आणि नवऱ्याला काय आवडायचं ते विचारलं. ती बोलत राहिली, रडली. जाताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझी कामावर जायची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आणखी बायका होत्या.

“आता कुठं जातेस?” माझा नवरा सहज म्हणाला. मी डब्याची पिशवी खुंटीला अडकवली. वालीवला मी कामाला कधीच गेले नाही.