सार्वमतवाले सर

सर आधी स्वतःचा हात वर करीत आणि मग प्रश्न विचारीत. बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत नव्वदच्या दशकात निर्णय घेण्याची हीच रीत होती आणि सर तिला निःसंकोचपणे 'सार्वमत' म्हणत. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि कॉलनीचे अध्यक्ष होते. हे पद त्यांना कोणत्या मतदानाने मिळाले, ते कोणालाच आठवत नव्हते.

शब्दाचा अर्थ मात्र ते चोख सांगत. "निवडणुकीत माणूस निवडतात. सार्वमतात माणूस नसतो, प्रश्न असतो. त्याला लोकांनी स्वतः हो किंवा नाही म्हणायचं." या व्याख्येत मला आजही दोष सापडत नाही, दोष वापरात होता. गणपतीच्या जेवणात बुंदी असावी का, यावर सार्वमत. नळाची वेळ बदलावी का, यावरही सार्वमत, जरी ती वेळ आमच्या हातात नव्हतीच. गप्प बसलेल्यांना सर 'हो'मध्ये धरीत. निकाल उलटा जाण्याची चिन्हे दिसली की डोकी मोजून "गणपूर्ती नाई" म्हणत आणि सभा गुंडाळीत.

"तुम्ही ठरवूनच येता जी सर, मंग आमच्या माणसांचे हात काऊन दुखवता?" शेजारच्या काकू एकदा अंगणातून म्हणाल्या.

"लोकशाहीत तेवढा व्यायाम होते, वहिनी."

मी बारावीत असताना सभागृहालगतची खोली रिकामी झाली. आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि भावंडे यांच्यातून भौतिकशास्त्राला जागा उरत नव्हती. मला तिथे अभ्यासिका हवी होती. सरांना ती खोली सिमेंटच्या दुकानदाराला गोदामासाठी द्यायची होती. त्यांनी सार्वमत पुकारले: खोली भाड्याने द्यावी का?

मी हरकत घेतली. हात वर करण्याच्या पद्धतीत सरांची नजरच निकाल बदलत होती; तो घटक वगळल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नव्हता. 'हो'साठी तूर, 'नाही'साठी हरभरा, मूठ झाकलेली आणि मध्ये माठ, अशी योजना मी मांडली. शिवाय घरटी एक हात हा नियम मोडायचा, कारण तो हात नेहमी पुरुषाचाच असे.

"घे तुही प्रयोगशाळा," सर हसून म्हणाले. "पण तू अठराची नाई. तुले मत नाई."

बायका प्रथमच सभेला आल्या. माठ परातीत ओतला तेव्हा हरभराच हरभरा पडला. किल्ली आता मिळेल म्हणून मी पुढे झाले.

"भाड्यानं द्याची नाई, असं लोकांनी सांगितलं. मान्य," सर शांतपणे म्हणाले. "अभ्यासिका करा, असं कुठी सांगितलं?"

"मग ते विचारा ना, सर."

"प्रश्न काढणं अध्यक्षाचं काम आहे, पोरी."

खोलीचे कुलूप निघाले नाही. मी काकूंच्या देवघरात बसून अभ्यास केला आणि मला हव्या त्या महाविद्यालयातला प्रवेश थोडक्यात हुकला. त्याचे खापर मी सरांवर फोडते, अजूनही. मात्र आज संशोधन करताना कोणताही निष्कर्ष समोर आला की प्रश्न कोणी काढला आणि कोणता काढला नाही, हे मी आधी पाहते. ही सवय मला कोणा प्राध्यापकाने लावलेली नाही.

पुढे दोन हजारच्या दशकात मी सुट्टीत घरी आले असता सरांच्या दारात टेम्पो उभा होता. पत्नी वारल्यानंतर ते एकटेच राहत होते. मुलगा त्यांना कायमचे नागपूरला नेत होता.

"पोरानं ठरवलं," सर फाटकापाशी मला म्हणाले. "मले कोणी विचारलंच नाई."

हे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते. मी त्यांच्याच सुरात म्हणाले, "सरांनी नागपूरला जाऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

सरांनी टेम्पोकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि हात वर केला. मी केला. पलीकडच्या अंगणातून काकूंनी कणकेचा हात वर केला.

"बाबा, चला. ऊन वाढून राह्यलं," मुलगा म्हणाला.

सरांनी हात खाली घेतला.

"गणपूर्ती नाई," ते म्हणाले आणि टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसले.